तिकीट कां मिळत नाहीं?

मुंबईंत एखाद्या नामांकित गायकाचा किंवा वादकाचा जलसा होणार अशी बातमी आली, कीं तिच्या पाठोपाठ दुसरी बातमी येते, ती तिकिटें संपल्याची. या दोन बातम्यांमध्यें पूर्वीं कांहीं दिवस जात असत. आतां घटकाहि जात नाहीं. मग ज्यांस तिकीट मिळालें नाहीं ते चिडतात, ज्यांस मिळालें ते त्याची किंमत सांगतांना जरा चांचरतात, आणि ज्यास गाण्याशीं कांहींच कर्तव्य नव्हतें अशा तिसऱ्याच कोणाच्या तरी खिशांत पैसे जाऊन पडतात. हें असें कां होतें, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांना हा विषय अभ्यासक्रमांतील विषयांहून अधिक जिव्हाळ्याचा आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. त्यांत अर्थशास्त्र, कायदा, इतिहास आणि थोडेंसें अंकगणितहि दडलेलें आहे, हें मात्र त्यांच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं.

सर्वांच्या स्मरणांत असलेलें एक उदाहरण घेऊं. कोल्डप्ले नांवाच्या इंग्रज वाद्यवृंदाचे दोन जलसे नवी मुंबईंत नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८ व १९ जानेवारी २०२५ या दिवशीं व्हावयाचे होते. तिकिटांची विक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजीं, रविवारीं, दुपारच्या बारा वाजतां बुकमायशो या कंपनीच्या संकेतस्थळावर सुरू व्हावयाची होती. गिरगांव, दादर, परळ, लालबाग या आमच्या भागांतील किती तरी घरांत त्या रविवारीं वाढलेलीं पानें तशींच राहिलीं. आईचा मोबाइल, बापाचा मोबाइल, काकांचा संगणक, जें हातीं लागेल तें पुढें घेऊन मुलें बसलीं होतीं. बारा वाजण्यापूर्वींच गर्दीच्या भारानें संकेतस्थळ कोलमडलें. तें पुन्हां उभें राहिल्यावर प्रत्येकास रांगेंतील आपला क्रमांक दिसूं लागला, आणि तो बहुतेकांच्या बाबतींत लाखांच्या घरांत होता. मागणी पाहून २१ जानेवारीचा तिसरा जलसा त्याच दिवशीं जाहीर झाला, आणि त्याचीहि तिकिटें पाहतां पाहतां संपलीं. मूळ दर २,५०० रुपयांपासून १२,५०० रुपयांपर्यंत होते. खास कक्षांतील जागेस ३५,००० रुपये पडत. परंतु लौकरच परदेशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर हींच तिकिटें लाखांच्या भावानें मांडलेलीं दिसूं लागलीं.

येथें रागावण्यापूर्वीं थोडें अंकगणित करावें. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें एक कोटि तीस लाखांच्या सुमारास लोक तिकिटासाठीं आले होते. नेरूळच्या क्रीडांगणावर तिन्ही रात्री मिळून जागा दोन लाखांच्या आंतबाहेरच. म्हणजे जागा एक आणि तिजसाठीं माणसें पासष्ट! शिवाय एकास एकाहून अधिक तिकिटें घेतां येत असल्यामुळें खिडकीपर्यंत पोंचणाऱ्यांची संख्या आणखीच घटली. उद्यां ही विक्री देवदूतांच्या हातीं दिली, तरी पासष्टांतील चौसष्ट जण रित्या हातानेंच परतणार. निराश झालेला मनुष्य आपणांस कोणी तरी फसविलें असेंच समजतो. पुष्कळदां त्यास कोणीहि फसविलेलें नसतें, जागाच नसते. शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यांत शेवटीं आलेल्या मजुरासहि पुरी मजुरी मिळते. संगणकाच्या रांगेंत तशी सोय नाहीं.

मग लबाडी शिरते कोठें? ज्या वस्तूचा पुरवठा वाढवितां येत नाहीं, तिचा भाव केवळ मागणीवर ठरतो, हा बाजाराचा नियम आहे. कोथिंबीर महागली तर चार दिवसांनीं नाशिकहून अधिक गाड्या दादरच्या बाजारांत येऊन उभ्या राहतात. गायक मात्र एकच आणि त्याची रात्रहि एकच. ती रात्र जर पुकारून विकली, तर भाव इतका चढेल कीं घेणारे आणि जागा यांची संख्या सारखी होईल. परंतु बहुतेक कलावंत तितका भाव घेत नाहींत. त्यास कारणें आहेत. श्रोता पुढच्या वेळीं परत यावा अशी त्यांची इच्छा असते; आपणांस लोभी म्हणूं नये असेंहि वाटतें; आणि पुढच्या रांगांत केवळ धनिक बसले तर टाळीला जीव राहत नाहीं, हें प्रत्येक गवयास ठाऊक असतें. सारांश, तिकिटावर छापलेला भाव हा कांहीं लोक देण्यास तयार असलेल्या भावाहून बराच खालीं असतो. या दोन भावांमधलें अंतर हीच ब्लॅकवाल्याची शेती. नांगरणी नाहीं, पेरणी नाहीं, फक्त कापणी.

पूर्वींचा ब्लॅकवाला चित्रपटगृहाच्या फाटकाशीं उभा राहून तोंडांतल्या तोंडांत भाव पुटपुटत असे. मुंबईच्या कोणाहि प्रौढ मनुष्यास तो आवाज आठवत असेल. पोलीस दिसला कीं तो पानाच्या ठेल्यामागें नाहींसा होई. आजचा दिसतच नाहीं. तो संगणकाला असें शिकवून ठेवतो कीं एक यंत्र क्षणार्धांत शेंकडों गिऱ्हाइकांचीं सोंगें घेऊन खिडकीवर जातें. अमेरिकेंत अशा यंत्रांवर बंदी घालणारा कायदा २०१६ सालीं झाला. तरीहि नोव्हेंबर २०२२ मध्यें टेलर स्विफ्ट या गायिकेच्या दौऱ्याच्या तिकिटविक्रीच्या वेळीं तेथें इतका गोंधळ उडाला, कीं जानेवारी २०२३ मध्यें सेनेटच्या समितीपुढें त्याची चौकशी झाली. यावरून हें दुखणें आमच्याच शहराचें किंवा आमच्याच काळाचें आहे असें मुळींच नाहीं.

काळाचें तर नाहींच नाहीं. इंग्रजी पांचव्या-सहाव्या इयत्तेपासून आमचे विद्यार्थी ज्यांच्या गोष्टी वाचतात, ते चार्ल्स डिकन्स १८६७ सालीं आपल्या कथांचें जाहीर वाचन करण्यासाठीं अमेरिकेस गेले. तिकिटाचा दर दोन डॉलर ठेवला होता. दलालांनीं तिकिटें गोळा केलीं आणि कित्येक पटींनीं विकलीं. वाचनाच्या तिकिटासाठीं लोक हिवाळ्याच्या कडाक्यांत रात्रभर रस्त्यावर बिछाने टाकून पडून राहत. डिकन्सचा व्यवस्थापक डॉल्बी यानें परोपरीचे उपाय केले, परंतु दलाल त्याच्या एक पाऊल पुढेंच राहिले आणि वर्तमानपत्रांच्या शिव्या मात्र बिचाऱ्या डॉल्बीस खाव्या लागल्या. ब्रुकलिन येथें योग्य सभागृह न मिळाल्यामुळें हीं वाचनें हेन्री वॉर्ड बीचर यांच्या प्लिमथ चर्चमध्यें झालीं. म्हणजे देवाच्या घरासाठींहि दलालाकडून तिकीट घेण्याचा प्रसंग भाविकांवर आला!

आपल्याकडील दाखला पाहिजे असल्यास गिरगांवच्या बाहेर जाण्याचें कारण नाहीं. १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवांतील मॅजेस्टिक चित्रपटगृहांत 'आलम आरा' हा हिंदुस्थानांतील पहिला बोलपट लागला. त्या काळीं रांग लावण्याची रीतच लोकांस ठाऊक नव्हती. खिडकीवर अशी झुंबड उडाली कीं पोलिसांस बोलवावें लागलें, आणि चार आण्यांचें तिकीट बाहेर चार-पांच रुपयांस विकलें गेलें, असें चित्रपटाच्या इतिहासकारांनीं नोंदवून ठेवलें आहे. सोळा ते वीस पट झाली ही. मॅजेस्टिकची ती इमारत आतां उरलेली नाहीं, पण पटींचें गणित उरलें आहे.

याच्या दहा वर्षें आधींचा आणखी एक प्रसंग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत बालीवाला नाट्यगृहांत 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या त्या रात्रीं एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव भोसले धैर्यधर. असा योग पुन्हां येणें कठीण होतें हें प्रेक्षकांस कळत होतें, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत केशवराव निवर्तले, म्हणजे लोकांचा तर्क खराच ठरला. तिकिटांचे दर नेहमींच्या मानानें फार मोठे होते. तरी कोणी तक्रार केल्याचें ऐकिवांत नाहीं, कारण तें उत्पन्न टिळक स्वराज्य फंडासाठीं होतें. येथें विद्यार्थ्यांनीं थांबून विचार करावा. लोक महाग तिकिटावर चिडत नाहींत. वाढीव पैसा कोणाकडे जातो यावर चिडतात. तो गवयाकडे गेला तर कुरकुर होते, सत्कार्यास गेला तर अभिमान वाटतो, आणि ज्यानें गाणें गाइलें नाहीं, वाजविलें नाहीं, ऐकलेंहि नाहीं त्याच्याकडे गेला, म्हणजे अंगाचा तिळपापड होतो.

आतां मूळ दरच वर्षानुवर्ष कां चढतात, या प्रश्नाकडे वळूं. यांतील एक कारण मोठें सुरस आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं तें सविस्तर मांडलें. आमच्या भागाला समजेल अशा रीतीनें सांगतों. परळ-लालबागच्या कापडगिरण्यांत एके काळीं एक विणकर दोन माग सांभाळी. पुढें मालकांनीं त्याच्याकडून तीन-चार माग चालवून घेतले, आणि नवीन यंत्रें आल्यावर त्याहून अधिक. त्यासाठीं संप झाले, डोकीं फुटलीं, तो इतिहास निराळा. परंतु दर माणसागणिक कापड अधिक निघूं लागलें हें खरें. गवयाच्या बाबतींत असें कांहीं होऊं शकत नाहीं. बडा ख्याल गावयास शंभर वर्षांपूर्वीं जितका वेळ लागे तितकाच आज लागतो, तबलजी एकच लागतो, आणि तो एका वेळीं दोन मैफलींत ठेका धरूं शकत नाहीं. परंतु तबलजीस घरभाडें मात्र आजच्या दरानें द्यावें लागतें. गिरणींतील माणसाची मजुरी वाढली तर ती वाढीव उत्पादनांतून निघते. तबलजीची वाढ तिकिटांतूनच काढावी लागते. म्हणून इतर जिन्नस स्वस्त होत गेले तरी समोर बसून ऐकावयाचें गाणें महागच होत जातें. शाळाशिक्षणाचेंहि असेंच आहे, असें तेच शास्त्रज्ञ म्हणतात, आणि आम्ही शिक्षक या बाबतींत त्यांच्याशीं पूर्ण सहमत आहों.

दुसरें कारण तबकडीच्या मरणाचें. पूर्वीं गायक दौरा काढी तो तबकडी किंवा फीत खपविण्यासाठीं. आतां तबकडी कोणी विकत घेत नाहीं. सर्व जगाचें गाणें महिन्याच्या थोडक्या वर्गणींत, किंवा फुकटहि, मोबाइलवर ऐकावयास मिळतें. त्यामुळें कलावंताची खरी कमाई दौऱ्यावर येऊन ठेपली आहे. जें फुकट झालें त्याची भरपाई, जें फुकट होऊं शकत नाहीं त्यांतून केली जाते.

तिसरें कारण जागेचें. महालक्ष्मीच्या घोडदौडीच्या मैदानावर २०२३ च्या जानेवारींत लोलापलूझा हा पाश्चात्त्य संगीताचा महोत्सव झाला, मार्च २०२४ मध्यें एड शीरन गाइले, त्याच वर्षीं डिसेंबरांत दिलजीत दोसांझ गाइले. मैदान घोड्यांसाठीं आहे, क्रीडांगण क्रिकेटसाठीं आहे. तेथें रंगमंच, दिवे, ध्वनियंत्रें, विजेचीं जनित्रें, आडोसे, शौचालयें हें सर्व शून्यांतून उभारावयाचें आणि दोन दिवसांनीं मोडावयाचें. हा सर्व खर्च त्या एक-दोन रात्रींच्या तिकिटांवर बसतो.

कराचीहि गोष्ट सांगितली पाहिजे. नाटक, नृत्य किंवा गाण्याच्या कार्यक्रमाचें तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तु व सेवा कर नाहीं; ही मर्यादा पूर्वीं २५० होती, ती जानेवारी २०१८ मध्यें वाढविण्यांत आली. पांचशेंच्या वर एक रुपया जरी गेला तरी सबंध किंमतीवर १८ टक्के कर बसतो. म्हणजे ५०० चें तिकीट प्रेक्षकास पांचशेंसच पडतें, आणि ५०१ चें पांचशें एक्याण्णवांस! दादरच्या शिवाजी मंदिरांत किंवा गिरगांवच्या साहित्य संघांत नाटकांचे दर पांचशेंच्या आंत राखण्याची धडपड कां चालते, तें यावरून कळेल. कराच्या माफीवरूनहि पूर्वीं वाद झालेले आहेत. १ नोव्हेंबर १९९६ रोजीं मायकेल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडासंकुलांत नाचला-गाइला. त्या कार्यक्रमास करमणूक करांतून दिलेल्या सवलतीविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत न्यायालयांत गेली, आणि त्या कराचा अखेरचा निर्णय मंत्रिमंडळानें केला तो २०२१ सालीं. जॅक्सन स्वतः २००९ सालींच वारले होते.

महर्गतेचीं कारणें अशीं खरीं आहेत. पण खऱ्या कारणांनीं पोट भरत नाहीं. आमच्या एका विद्यार्थ्याची आई त्या सप्टेंबरांत पालकसभेस आली असतां म्हणाली, "सर, अडीच हजार म्हणजे आमचं अर्ध्या महिन्याचं वाणसामान. नाहीं म्हणवत नाहीं आणि हो पण म्हणवत नाहीं." तिला बॉमोलचा सिद्धांत सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

थोडी वस्तु पुष्कळांत वांटण्याच्या जगांत चारच रीति आहेत: रांग, लिलाव, वशिला आणि चिठ्ठी. रांगेंत माणूस पैशांऐवजीं वेळ मोजतो. ज्यास सवड आहे त्यास ती सोईची, पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेस किंवा बेस्टच्या वाहकास मुळींच नाहीं. आणि संगणकाची रांग तर वेळहि मोजत नाहीं. ती वेग मोजते, आणि वेगांत यंत्राशीं माणसाची बरोबरी होत नाहीं.

लिलावांत लपवाछपवी नसते. जेनी लिंड या स्वीडिश गायिकेच्या न्यूयॉर्क येथील पहिल्या जलशाचीं तिकिटें पी. टी. बार्नम यानें १८५० सालीं उघड पुकारून विकलीं, आणि पहिलें तिकीट एका टोप्यांच्या व्यापाऱ्यानें २२५ डॉलर देऊन घेतलें. त्या जाहिरातीनें त्याच्या टोप्या अमाप खपल्या म्हणतात. आतां कांहीं देशांत मागणी वाढतांच तिकिटाचा दर आपोआप चढवीत नेण्याची जी पद्धत निघाली आहे, ती बार्नमच्या लिलावाचीच नात आहे; फरक इतकाच कीं बार्नम पुकारीत होता आणि ही गुपचूप चढते. ऑगस्ट २०२४ मध्यें ओएसिस या वाद्यवृंदाच्या तिकिटांच्या वेळीं रांगेंत तासन्‌तास काढून पुढें आलेल्या इंग्रज श्रोत्यांस पूर्वीं वाचलेल्या दराच्या दुपटीहून अधिक दर पुढें आलेला दिसला, आणि तेथें मोठाच संताप उसळला.

वशिल्याविषयीं बोलण्याचें कारण नाहीं. 'पास मिळेल का?' हा प्रश्न ज्यानें विचारला नाहीं असा मुंबईकर अजून आम्हांस भेटावयाचा आहे.

राहिली चिठ्ठी. म्हाडाच्या घरांची सोडत मुंबईस परिचयाची आहे. नांव नोंदवावयास पुरेसे दिवस देतात, धांवाधांव नसते, आणि नांव न निघाल्यास माणूस नशिबास दोष देऊन घरीं जातो. तिकिटांस हीच रीत लावली तर पासष्टांतील चौसष्ट तरीहि निराश होतील, पण यंत्राच्या वेगास तेथें किंमत राहणार नाहीं. तिच्या जोडीस तिकिटावर नांव पाहिजे; नाहीं तर चिठ्ठी जिंकणाराच ब्लॅकवाला होतो. हें आम्ही आमच्या शाळेंतच पाहतों. स्नेहसंमेलनास सभागृह लहान म्हणून प्रत्येक विद्यार्थ्यास दोनच प्रवेशपत्रें मिळतात. एका वर्षीं आठवीच्या वर्गांत एका प्रवेशपत्राचा भाव तीन वडापावांपर्यंत चढला होता, आणि विकणाऱ्या मुलाचे आईबाप दाराशीं येऊन उभे राहिले तेव्हां भानगड बाहेर पडली! त्यानंतर प्रवेशपत्रावर पालकाचें नांव लिहिण्याची पद्धत सुरू झाली, आणि वडापावचा बाजार त्या दिवसापासून बंद आहे.

नांवाच्या तिकिटाची संवय आपल्याला नाहीं असेंहि नाहीं. लालबाग-परळच्या चाकरमान्यास गणपतीला कोंकणांत जावयाचें असतें. आरक्षण उघडतांच कांहीं मिनिटांत गाड्या भरून जातात, आणि मग दलालाच्या घरचा रस्ता धरावा लागतो. हें दुःख कोल्डप्लेच्या दुःखाहून जुनें आणि आमच्या मतें अधिक खरें आहे, कारण तेथें म्हातारी आई वाट पाहत असते. परंतु रेल्वेच्या बाबतींत निदान कायदा तरी आहे. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४३ प्रमाणें परवान्यावांचून तिकिटांचा धंदा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. तिकिटावर प्रवाशाचें नांव असतें. आणि जुलै २०२५ पासून आंतरजालावरून तत्काळ तिकीट काढण्यास आधारची पडताळणी लागते. दलाल यामुळें संपले असें कोणी म्हणणार नाहीं, पण त्यांस चोरून काम करावें लागतें.

जलशाच्या तिकिटास असें कुंपण नाहीं. कोल्डप्लेच्या प्रकरणांत मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें चौकशी केली, ऑक्टोबर २०२४ मध्यें सक्तवसुली संचालनालयानें अनेक शहरांत छापे घातले, आणि मुंबई उच्च न्यायालयांत जनहितयाचिकाहि दाखल झाली. जानेवारी २०२५ मध्यें न्यायालयानें ती फेटाळली. असे नियम करणें हें विधिमंडळाचें आणि शासनाचें काम आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यायालयाचें म्हणणें आम्हांस योग्य वाटतें. विधिमंडळाचें मौन मात्र योग्य वाटत नाहीं. आयर्लंड हा आमच्या राज्याहून कितीतरी लहान देश आहे. त्यानें २०२१ सालीं कायदा करून हजाराहून अधिक जागांच्या ठिकाणच्या कार्यक्रमांचें तिकीट मूळ किंमतीहून अधिक भावानें विकणें हा गुन्हा ठरविला. ब्रिटिश सरकारनेंहि नोव्हेंबर २०२५ मध्यें अशीच बंदी आणण्याचा आपला इरादा जाहीर केला. ज्यास जातां येत नाहीं त्यानें आपलें तिकीट मूळ किंमतीस दुसऱ्यास द्यावें, यास तेथें कोणाचीच हरकत नाहीं. आणि ही वाट ठेवलीच पाहिजे, कारण घरांत आजारपण कांहीं तारखा पाहून येत नाहीं.

आमच्या भागाला हा विषय इतका कां झोंबतो, याचें एक कारण आम्हांस असें दिसतें कीं येथें गाणें फार काळ तिकिटावांचून ऐकावयास मिळालें. गिरगांवांत केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आला. पुढें गिरगांव-दादरच्या उत्सवांतून मोठमोठ्या गवयांनीं चाळीच्या चौकांत गाणीं केलीं. श्रोते सतरंजीवर, पायऱ्यांवर, सज्जांत कठड्यास टेकून. जागा ज्याची त्याची, आणि उठून जाण्याची मुभा सर्वांस. परळ-लालबागेंत शाहीर अमरशेख व अण्णाभाऊ साठे यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून कामगारांपुढें गाऊं लागलें; तेथें तिकिटाची गोष्टच नव्हती. परळचें दामोदर नाट्यगृह हें कामगाराच्या खिशास परवडेल असें ठिकाण होतें. कोंकणांतलें नमन आणि दशावतार तेथें मुंबईकर झाले. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागीं मनोरे आले. आणि २०२३ सालीं दामोदरचाहि पडदा पडला. उलट बाजूस, १९९३ पासून बंद असलेलें गिरगांवांतील रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ सालीं पुन्हां उघडलें, ही आनंदाची गोष्ट आहे. पण तें लहान आहे.

ज्यांना जुनी पद्धत पाहावयाची असेल त्यांनीं एखाद्या सकाळीं दादरास शिवाजी मंदिराच्या खिडकीशीं जावें. १९६५ पासून हें नाट्यगृह चालू आहे. तेथें पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षक आसनांचा नकाशा, म्हणजे त्यांच्या भाषेंत 'प्लॅन', पाहून तिकीट घेत आले. पुढें संगणक आला तरी कांहीं वयस्कर मंडळी अजून खिडकीवरच येतात. ती खिडकीमागच्या माणसाशीं दोन शब्द बोलतात, खांबाआडची जागा नको म्हणून सांगतात, आणि मग पैसे काढतात. पासष्टांस एक असें प्रमाण येथें क्वचितच पडतें, म्हणून येथें माणूस माणसाशीं बोलूं शकतो.

एका फसवणुकीविषयीं मात्र विद्यार्थ्यांस स्पष्ट सांगितलें पाहिजे. हल्लींचें तिकीट म्हणजे पुष्कळदां मोबाइलवरील एक चौकोनी ठिपक्यांची आकृति असते. तिचें छायाचित्र एकास पाठवितां येतें तसें दहा जणांस पाठवितां येतें. दाराशीं जो पहिला पोंचतो तो आंत जातो. बाकीच्या नऊ जणांच्या हातीं केवळ चित्र राहतें, आणि पैसे घेणाऱ्याचा मोबाइल तोंवर बंद झालेला असतो. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें शिकवण्यांतून सांठविलेले नऊ हजार रुपये एका अनोळखी इसमास असेच पाठविले. तो दाराशीं पोंचला तेव्हां त्याच्या आकृतीवर आधींच कोणी तरी आंत गेलेलें होतें. आंतल्या गाण्याचा आवाज रस्त्यावर स्वच्छ ऐकूं येत होता, असें त्यानें सांगितलें. तो पाऊण तास तेथेंच थांबला. तिकिटाचें हस्तांतर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून, घेणाऱ्याच्या खात्यांत होत असेल तरच पैसे द्यावेत. नुसत्या चित्राला देऊं नयेत.

कोल्डप्लेचा अहमदाबादचा जलसा २६ जानेवारी २०२५ रोजीं डिस्ने हॉटस्टारवरून घरोघरीं थेट दाखविण्यांत आला. क्रीडांगणावर लाखाहून अधिक लोक होते. लालबागच्या एका चाळींत आमचीं पंधरा-सोळा मुलें एका खोलींत दूरचित्रवाणीपुढें बसलीं होतीं, दाराबाहेर शेजारच्या बायका उभ्या होत्या, आणि ज्या आईनें वाणसामानाचा हिशेब सांगितला होता तिनें सर्वांस कांदाभजी केलीं. एका आजोबांनीं मधेंच विचारलें, "हा गाणारा इतका धांवतो कशाला?" त्याचें उत्तर मुलांना देतां आलें नाहीं.